मेलेला लांडगा पुन्हा उठतो

मेलेले माणूस परत येत नाही, एवढी एक गोष्ट तरी या जगात पक्की आहे असे आपण समजतो. बोलपटवाल्यांना मात्र हा नियम मान्य नाही. ज्या भुताने पहिल्या खेळात चांगला गल्ला जमवला, त्याला खोल पुरा, पाण्यात बुडवा, नाही तर गोळी घाला. वर्ष-दोन वर्षांत ते डोळे उघडून पुन्हा पडद्यावर हजर होते. नायक म्हातारा होतो, नायिका संसाराला लागते, ज्या थेटरात आपण पहिला भाग पाहिला त्याचे गोदाम होते. भूत मात्र जसेच्या तसे राहते. या पुनर्जन्मांच्या शर्यतीतला एक पट्टीचा गडी म्हणजे इंग्रजी चित्रपटांतला लांडगा-माणूस. दिवसा तो तुमच्या-आमच्यासारखा सभ्य गृहस्थ असतो. पौर्णिमेच्या रात्री त्याच्या अंगावर केस उगवतात, सुळे वाढतात आणि तो शिकारीला बाहेर पडतो. सकाळी जागा होतो तेव्हा हात रक्ताने माखलेले असतात आणि मन पश्चात्तापाने.

मराठीच्या प्राध्यापिकेला हे लांडगे कुठून आठवले, असे वाचक विचारतील. त्याला कारण आमचे विद्यार्थी. माझे माहेर लातूर जिल्ह्यातले. नांदेडला मी एम.ए.च्या वर्गाला लोकसाहित्य शिकवते. एकदा मुलांना सांगितले, आपापल्या गावात लोक कशाकशाला भितात ते विचारून लिहून आणा. मुंजा आला, हडळ आली, खवीस, वेताळ, चकवा अशी सगळी मंडळी वहीत येऊन बसली. एका चिरंजीवांनी मात्र गावात न फिरता मोबाईलवर पाहिलेल्या कुठल्याशा स्वस्तातल्या लांडगा-माणसाच्या चित्रपटाची, तीही दुसऱ्या भागाची, गोष्ट उतरवून आणली. वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरचा एक मेंढपाळाचा मुलगा गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, लांडगं चोर असतंय. कोकरू उचलतंय अन् पळतंय. मानूस हुभा ऱ्हायला की मागं बी बघत न्हाई. त्याला काय भ्यावं?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. जो प्राणी आपल्या माळावर प्रत्यक्ष हिंडतो, त्याचे भूत आपल्याकडे झाले नाही. आणि जिथे तो जवळजवळ नाहीसा झाला, तिथे मात्र त्याच्यावर चित्रपटामागून चित्रपट निघाले. असे का व्हावे?

आपली पौर्णिमा आणि त्यांची पौर्णिमा

दख्खनच्या माळरानावरचा लांडगा चणीने लहान आणि रंगाने भुरकट. गवताच्या उजाड माळावर तो मेंढ्यांच्या कळपामागे राहतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत बसवून वाघाच्या पंक्तीला नेले; पण मेंढपाळाच्या लेखी तो अजूनही भुरटा चोरच. आपल्या लहानपणाच्या 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतसुद्धा लांडगा हा काही खरा खलपुरुष नव्हे. गोष्टीचा सगळा रोख त्या खोटी आरोळी ठोकणाऱ्या पोरावर आहे. म्हणजे लांडग्यापेक्षा खोट्या भीतीची आरोळी अधिक घातक, हे आपण पहिली-दुसरीतच शिकून बसलो आहोत. शिकलेले किती ध्यानात राहिले, तो भाग निराळा.

दुसरी अडचण चंद्राची. इंग्रजी चित्रपटातला माणूस पौर्णिमेला लांडगा होतो. आता आपली पौर्णिमा म्हणजे काय? कोजागिरीचे आटीव दूध, त्यात वेलदोडे आणि चारोळी, गच्चीवर सतरंजी आणि मध्यरात्रीपर्यंत गाण्याच्या भेंड्या. अशा चांदण्यात शेजारचे जोशीकाका एकदम लांडगा झाले, तर भीती वाटण्याऐवजी त्यांनाही एक पेला दूध द्यावे असेच कुणालाही वाटेल! आपली भीती राहते अमावास्येत. अवसेला प्रवासाला निघू नये, तिन्हीसांजेला पिंपळाखालून जाऊ नये, ही आपली शिकवण. आणि तरीही वर्षातल्या एका अमावास्येला आपण घराचा उंबरठा न् उंबरठा दिव्यांनी उजळून लक्ष्मीला बोलावतो. अंधाराला भ्यायचे, पण वर्षातून एकदा त्याच्या नाकावर टिच्चून पणती लावायची, असा हा मराठी हिशेब आहे. त्यात पौर्णिमेच्या लांडग्याला जागा कुठली?

कारखान्यात घडलेली दंतकथा

युरोपात माणसाचा लांडगा होतो ही समजूत फार जुनी. पण आज जगभर जो लांडगा-माणूस ठाऊक आहे, त्याचा जन्म कुठल्या जंगलात झाला नाही. तो झाला हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीच्या आवारात, डिसेंबर १९४१ मध्ये. या कंपनीने १९३५ मध्ये तसा एक चित्रपट काढला होता. तो फारसा चालला नाही. १९४१ च्या 'द वुल्फ मॅन'ने मात्र बाजी मारली. लॉन चेनी धाकटा याने लॅरी टॉलबॉट या अभागी तरुणाचे काम केले. जॅक पियर्स या रंगभूषाकाराने याकचे केस बटा-बटांनी चेहऱ्यावर चिकटवून त्याला लांडगा बनवले. या कामाला तासन् तास लागत, आणि चेनीला तितका वेळ खुर्चीत निमूट बसून राहावे लागे.

कथा लिहिली कर्ट सिओडमॅकने. हा गृहस्थ १९०२ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनला ज्यू घरात जन्मला. नाझी सत्तेवर आल्यावर त्याने देश सोडला आणि इंग्लंडमार्गे १९३७ मध्ये तो अमेरिकेत पोचला. कालपर्यंत नमस्कार करणारे शेजारी रातोरात सुळे दाखवू लागतात, हे त्याला कुठल्या पोथीतून वाचावे लागले नव्हते. त्याच्या कथेत लांडगा-माणसाला आपल्या पुढच्या बळीच्या तळहातावर पाच टोकांचा तारा दिसतो. त्याच वर्षी सप्टेंबरात जर्मनीत ज्यूंना छातीवर पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले होते. वाचकांनी या दोन ताऱ्यांचे काय ते अंतर मोजावे.

मौज पुढेच आहे. या चित्रपटात गावातले जो-तो एक चार ओळींचा श्लोक म्हणतो: मन कितीही निर्मळ असले तरी अमुक फूल फुलण्याच्या दिवसांत माणूस लांडगा होऊ शकतो, अशा अर्थाचा. पुष्कळांनी तो शतकानुशतकांचा लोकवाङ्मयातला ठेवा समजून घेतला. वास्तविक तो सिओडमॅकनेच लिहिला होता! पहिल्या चित्रपटात या श्लोकात शरद ऋतूतल्या चंद्राचा नुसता उल्लेख आहे. १९४३ मध्ये दुसरा भाग निघाला, तेव्हा ते दोन शब्द बदलून चंद्र पूर्ण करण्यात आला. पौर्णिमा आणि लांडगा यांची जी गाठ जगाच्या मनात घट्ट बसली, ती मुख्यतः या बदलामुळे. लोकसाहित्य शिकवणाऱ्या माझ्यासारखीने यातून एक घ्यावे: पुराणी म्हणून सांगितलेली प्रत्येक समजूत पुराणी असतेच असे नाही. कधी कधी ती परवाच, पगारी माणसाने, मुदतीत लिहून दिलेली असते.

दुसरा भाग कसा निघतो

आता या दुसऱ्या भागाची जन्मकथा ऐका. सिओडमॅकने ती स्वतःच सांगून ठेवली आहे. त्याला मोटार घ्यायची होती आणि खिशात पैसे नव्हते. उपाहारगृहात निर्मात्याशी बोलता बोलता त्याने गमतीने म्हटले, "फ्रँकेन्स्टाइन आणि लांडगा-माणूस यांची गाठ घालून द्यावी!" निर्माता हसला नाही. त्याने मोटार घेऊन टाकायला सांगितले आणि काम त्याच्या गळ्यात मारले. अशा रीतीने एका माणसाच्या मोटारीपायी मेलेला लांडगा उठला.

आणि उठला तरी कसा? पहिल्या भागाच्या शेवटी टॉलबॉटचा बाप स्वतःच्या हाताने, चांदीच्या मुठीच्या काठीने त्याला ठार करतो. म्हणजे काही शंका उरू नये. पण दुसऱ्या भागाच्या आरंभी दोन चोर रात्री त्याच्या थडग्यात शिरतात, शवपेटीचे झाकण उघडतात, खिडकीतून चंद्रप्रकाश प्रेतावर पडतो आणि प्रेताचा हात चोराचा हात धरतो. दृश्य खरोखर सुंदर आहे. त्याला पैसा फारसा लागला नसावा; एक दालन, एक कंदील, थोडे धुके आणि एक हात. स्वस्तातल्या भयपटाचे सगळे शास्त्र या चार वस्तूंत आले.

पुढे मात्र कंपनीच्या कात्रीने घोटाळा केला. राक्षसाच्या भूमिकेत बेला लुगोसी होता. पटकथेप्रमाणे राक्षस आंधळा होता आणि बोलतही होता. चित्रण झाल्यावर त्याचे सगळे बोलणे कापले आणि त्याबरोबर आंधळेपणाचा उल्लेखही गेला. राहिले काय? हात पुढे करून चाचपडत चालणारा एक राक्षस, आणि तो तसा का चालतो हे कुणालाच माहीत नाही. पण प्रेक्षकांनी तीच राक्षसाची खरी चाल म्हणून उचलली. आज स्नेहसंमेलनात एखादे पोर राक्षस होऊन दोन्ही हात पुढे करून येते, ते या कात्रीचे ऋण फेडत असते.

या दुसऱ्या भागात एक गोष्ट आहे, जिच्यासाठी मी हा सगळा प्रपंच मांडला. टॉलबॉटला पुन्हा जगायचे नाही. तो डॉक्टरांना विनवतो, पोलिसांना सांगतो, मला कोंडून ठेवा, रात्री माझ्या हातून खून होतील. कुणी विश्वास ठेवत नाही. लोक त्याला वेडा ठरवतात. सगळा चित्रपट तो कुणाला मारण्यासाठी हिंडत नाही. सुटका शोधत हिंडतो. शेवटी धरण फुटते आणि तो वाहून जातो.

वाहून गेला म्हणून सुटला काय? १९४४ मध्ये तो बर्फातून निघाला आणि चांदीच्या गोळीने मेला. १९४५ मध्ये पुन्हा आला. आणि या खेपेस नवलच झाले. एका डॉक्टरने शस्त्रक्रिया करून त्याला बरे केले! मंत्र नाही, चांदी नाही. टॉलबॉट चंद्राखाली उभा राहतो आणि माणूसच राहतो. माझ्या मते या मालिकेतला हा सर्वांत धाडसी प्रसंग. पण बरा झालेला लांडगा तिकिटे खपवत नाही. १९४८ मध्ये कंपनीने त्याला एका विनोदी चित्रपटात आणले, तेव्हा तो पुन्हा पौर्णिमेला लांडगा होत होता. त्या शस्त्रक्रियेचे काय झाले, हे विचारायचे नसते. भीतीच्या धंद्यात रोगी बरा झालेला परवडत नाही, ही खूणगाठ वाचकांनी इथे बांधून ठेवावी. पुढे ती लागणार आहे.

पुढच्या काळातही हीच तऱ्हा. १९८१ चा 'द हाऊलिंग' गाजला, म्हणून १९८५ मध्ये तुटपुंज्या पैशांत त्याचा दुसरा भाग निघाला. चित्रण चेकोस्लोव्हाकियात. दिग्दर्शक फिलिप मोरा सांगतो की लांडग्यांचे पोशाख म्हणून ज्या पेट्या आल्या, त्या उघडल्या तर आत निघाले माकडांचे पोशाख! मग काय, माणूस लांडगा होण्याआधी माकडाच्या अवस्थेतून जातो, असे काहीसे स्पष्टीकरण क्रिस्टोफर लीसारख्या नामवंत नटाच्या तोंडी घालून वेळ निभावून नेली. पैसा नसला की शास्त्र सुचते, ते असे.

महाबळेश्वरची बस

आपल्याकडे हा पाहुणा आला, तो कपडे बदलून. राजकुमार कोहली यांच्या १९७९ च्या 'जानी दुश्मन'मध्ये माणूस केसाळ सैतान होतो; पण चंद्र पाहून नव्हे, तर लाल साडीतली नवरी पाहून. आपल्या चांदण्याने दगा दिला, तो असा भरून काढला. १९९२ च्या 'जुनून'मध्ये महेश भट्ट यांनी लांडग्याचा वाघ केला. हेही बरोबरच, आपल्याकडे दरारा वाघाचा.

हे मोठ्या नटांचे चित्रपट. खऱ्या स्वस्तातल्या भीतीचे आपल्याकडचे मानकरी म्हणजे रामसे बंधू. वडील फत्तेचंद रामसे फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आले. त्यांचा धंदा रेडिओचा. 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा त्यांचा १९७० चा चित्रपट पडला. पण मुलांनी थेटरात बसून पाहिले, तर पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात त्या प्रसंगाला लोक खूश होत होते. झाले! सात भावांनी कामे वाटून घेतली. दोघे दिग्दर्शनाला, कुणी कॅमेऱ्याला, कुणी ध्वनीला, कुणी लेखनाला, कुणी संकलनाला. सगळा संच बसमध्ये घालून त्यांनी महाबळेश्वर गाठले आणि सुमारे साडेतीन लाखांत 'दो गज जमीन के नीचे' हा १९७२ चा भयपट पुरा केला. एखाद्या एकत्र कुटुंबाने दिवाळीचा फराळ करावा, तसा यांनी चित्रपट केला म्हणा ना.

१९८४ च्या 'पुराना मंदिर'मधला त्यांचा सामरी गाजला. धड एकीकडे पुरलेले, शिर दुसरीकडे पेटीत बंद, आणि दोन्ही जुळताच तो जिवंत! हे काम करणारा अनिरुद्ध अग्रवाल मूळचा अभियंता. सामरीचे नाव झाले म्हणताच पुढच्याच वर्षी 'सामरी' नावाचा त्रिमितीचा चित्रपट निघाला. नट तोच, नाव तेच, गोष्ट मात्र निराळी. दुसरा भाग काढायला पहिल्या भागाची कथा लागते असे नाही. पहिल्या भागाची भीती उरलेली असली की पुरे.

मराठीत हा मान महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'कडे जातो. १९९३ मध्ये तात्या विंचूचा आत्मा रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यात शिरला, आणि मराठवाड्यापासून कोकणापर्यंतची लहान मुले कपाटातल्या बाहुल्यांकडे संशयाने पाहू लागली. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले. बाहुला मात्र वीस वर्षांनी, जून २०१३ मध्ये परत आला, तोही त्रिमितीत. आवाज तोच, दिलीप प्रभावळकरांचा. आणि २०२४ मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या 'मुंज्या'ने तर कमालच केली. मोठा तारा कुणी नाही, भूत आपल्या कोकणातल्या पिंपळावरचे, आणि गल्ला शंभर कोटींच्या वर. त्या चित्रपटाच्या अखेरीस २०२२ च्या 'भेडिया'तला लांडगा-माणूस येऊन डोकावतो. सिओडमॅकने मोटारीसाठी जी गाठ घालून दिली होती, तशीच ही आमच्या मुंज्याची आणि त्यांच्या लांडग्याची गाठ. एकूण काय, लांडगा शेवटी आमच्या पिंपळाखाली पोचला.

इथपर्यंत सगळी गंमत आहे. तिकीट काढावे, अंधारात किंचाळावे, मध्यंतरात बटाटेवडा खावा आणि घरी येऊन दिवा लावून झोपावे. यात कुणाचे काही बिघडत नाही.

माणूस भुंकतो तेव्हा

पण वर्गातल्या त्या हशानंतरची गोष्ट अजून सांगायची राहिली. तास संपला, मुले गेली. एक मुलगी रेंगाळली होती. म्हणाली, "मॅडम, माझी चुलती भुंकायची."

बाहेरच्या वाचकांना हे सांगायला हवे. पश्चिम महाराष्ट्रात भानामती म्हटले की घरावर दगड पडतात, वाळत घातलेले कपडे पेटतात. आमच्या नांदेड-लातूरकडे आणि शेजारच्या बीदर-तेलंगणाच्या पट्ट्यात भानामतीचे आणखी एक रूप आहे. घरातली बाई एकाएकी कुत्र्यासारखी भुंकू लागते, घुमते, जनावरासारखे आवाज काढते. अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठल्या असे सांगतात. एकीचे ऐकून दुसरी भुंकू लागते. मग गावात कुजबुज होते, की करणी कुणी केली? बोट बहुधा अशाच कुणाकडे वळते, ज्याच्या बाजूने बोलणारे कुणी नसते.

माणसाने जनावर होणे आपल्याकडे सगळीकडेच अशुभ मानले आहे, असे समजू नका. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट विकायला येतात, तमाशाचे तंबू लागतात. या खंडोबाचे वाघ्ये नावाने वाघ आणि भक्तीने देवाचे कुत्रे. देवापुढे कुत्र्यासारखे भुंकत कोटंब्यातले अन्न खाण्याची त्यांची जुनी रीत अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहे. लोक त्यांच्या पाया पडतात. म्हणजे देवापुढे भुंकला तो भक्त, पडद्यावर भुंकला तो नट, आणि घरात भुंकली ती झपाटलेली! आवाज तिघांचा एकच. एकाला नमस्कार, एकाला तिकीट आणि तिसरीला चाबूक.

युरोपही याच वाटेने गेलेला आहे. १५८९ मध्ये जर्मनीत कोलोनजवळच्या बेडबुर्गला पीटर स्टुंप नावाच्या शेतकऱ्याला लांडगा-माणूस ठरवून हालहाल करून मारले. पण १६०३ मध्ये फ्रान्समध्ये बोर्दोच्या न्यायालयापुढे झाँ ग्रेनिए हा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा उभा राहिला, मी लांडगा होतो असे स्वतःच सांगत. न्यायाधीशांनी त्याचे डोके ठिकाणावर नाही असे ओळखले आणि फाशीऐवजी त्याला मठात ठेवले. चारशे वर्षांपूर्वीचा हा शहाणपणा आहे. आपण जनावर झालो आहोत असे मनापासून वाटण्याच्या अवस्थेला आज मानसोपचारात स्वतंत्र नाव आहे, आणि तिच्यावर उपचारही होतात.

त्या मुलीच्या चुलतीला तिसरी मुलगी झाली, तेव्हापासून घरात तिच्याशी कुणी धड बोलत नव्हते. शेतातले, घरातले सगळे काम तिचे. ताटात उरेल ते तिचे. एका रात्री ती भुंकू लागली. मग दर अवसेला तिला मांत्रिकाकडे नेऊ लागले. मिरचीची धुरी, वेताच्या छडीचे वळ, लिंबू, नारळ, कोंबडे. दोन वर्षे हे चालले. अखेर गावात येणाऱ्या दवाखान्याच्या नर्सबाईंनी घरच्यांच्या गळी उतरवून तिला शहरात मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेले. औषध सुरू झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डॉक्टरांनी नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून चार गोष्टी विचारल्या. आज ती बाई बरी आहे. ती पुतणीला काय म्हणाली, ते मी त्या मुलीच्या वहीतून जसेच्या तसे देते: "बोलत हुते तवा कुनी ऐकलं न्हाई. भुंकाय लागले तवा समदं गाव आलं."

हे वाक्य वाचल्यापासून मला टॉलबॉट निराळाच दिसू लागला आहे. तोही प्रत्येक भागात हेच सांगत दारोदार फिरतो, आणि त्याच्या केसांकडे सगळे पाहतात, बोलण्याकडे कुणी नाही.

मांत्रिकाचा दुसरा भाग

आता मघाची खूणगाठ सोडू. कंपनीने बऱ्या झालेल्या लांडग्याला पुन्हा का पछाडले? कारण भीतीचा धंदा पुढच्या भागावर चालतो. मांत्रिकाचेही तेच. "या अवसेला अर्धे उतरले, पुढच्या अवसेला उरलेले उतरवू," हे त्याचे वाक्य म्हणजे चित्रपटाच्या शेवटी थडग्यातून वर येणारा हातच. रोगी पुरता बरा झाला तर पुढचे कोंबडे कोण देणार? फरक एवढाच की थेटरात आपण आपल्या खुशीने तिकीट काढतो आणि इथे तिकिटाचे पैसे एका बाईच्या पाठीवरून वसूल होतात.

या धंद्याला आडवे जाणारी माणसे महाराष्ट्रात झाली. डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. चारच दिवसांनी वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून ठेवणे, काठीने किंवा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे हे सगळे त्याने गुन्हा ठरवले. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. जूनमध्ये तात्या विंचू हसत हसत परत आला आणि डिसेंबरात हा कायदा आला. २०१३ या एका सालात महाराष्ट्राने भीतीची दोन्ही तोंडे पाहिली.

कायदा झाला म्हणून अवसेची वाट बंद झाली असे नाही. राज्यातली चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली. आमच्या मराठवाड्यात त्यांतले एकही नाही. गावातून मांत्रिकाचे घर दहा मिनिटांवर आणि डॉक्टर दोन एसट्या बदलून, असा हा सामना. तरी नांदेडला आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि त्यांच्या रुग्णालयांत मनोविकाराचे डॉक्टर भेटतात. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही सरकारी सेवाही सुरू आहे. घरातल्या कुणाची झोप उडाली, बोलणे बंद झाले, वागणे विचित्र झाले, तर या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. दिवाळीला गावाकडे जाणाऱ्या शहरातल्या भाऊ-दादांनी आणि ताई-वहिनींनी फराळाच्या डब्याबरोबर एवढा एक आकडा नेला, तरी पुष्कळ होईल. गावातल्या मंडळींना उपदेश करू नये; त्यांना उपदेशाचा कंटाळा आहे. ज्या घरात एखादी बाई गप्प गप्प दिसते, तिथे मात्र चहाला जरा जास्त वेळ बसावे आणि तिला चार शब्द बोलू द्यावेत.

लांडगा-माणसाच्या चित्रपटांचे म्हणाल तर ते अवश्य पाहा. १९४३ चा तो दुसरा भाग मुलांना घेऊन बसण्यासारखा आहे; आजच्या मुलांना त्याची भीती वाटण्याऐवजी दयाच येईल, आणि ते चांगलेच आहे. पाहून झाल्यावर मुलांना एवढेच विचारा, की तो बिचारा इतक्या वेळा मदत मागत होता, तेव्हा एकाने तरी त्याचे नीट ऐकले असते, तर तिसरा भाग काढायची वेळ आली असती का?